गॉब्लिन चार, आपण किती?

पहिली सूचना: व्हॉट्सॲप ग्रुप एवढ्यात काढू नका.

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायचं मनात आलं की बहुतेक नवशिके फासे घ्यायच्याही आधी ग्रुप काढतात, त्याला 'शनिवारचे शूरवीर' असलं काहीतरी नाव देतात आणि दिसेल त्याला आत ओढतात. रात्रीपर्यंत अकरा जण होतात. त्यातल्या चौघांची समजूत अशी, की हा हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकचा ग्रुप आहे. एक जण कुणाच्या ओळखीचा आहे ते शेवटपर्यंत कळत नाही, पण रोज सकाळी सूर्योदयाचं चित्र तोच टाकतो. मग तारीख ठरवायला पोल येतो. पोलमध्ये सात जण 'कोणतीही चालेल' म्हणतात आणि जी कोणती ठरते तिला त्यांना नेमकं काम निघतं.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी आकडा, मग माणसं, मग ग्रुप. ही मार्गदर्शिका फक्त आकड्याबद्दल आहे. माणसांबद्दल लिहायचं तर वेगळा ग्रंथ होईल, आणि तो वाचून निम्मी माणसं माझ्याशी बोलायची बंद होतील.

खेळच ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात. टेबलाच्या एका टोकाला डीएम, म्हणजे डंजन मास्टर बसतो. जग त्याचं, त्यातला पाऊस त्याचा, राक्षस त्याचे, आणि खानावळवाल्याची कुरकुरही त्यालाच करावी लागते. बाकीचे प्रत्येकी एक कॅरॅक्टर घेतात: कुणी तलवार चालवणारा फायटर, कुणी मंत्र टाकणारी विझर्ड, कुणी कुलपं उघडणारा रोग, कुणी जखमा बऱ्या करणारी क्लेरिक. डीएम म्हणतो, 'समोर दार आहे.' बाकीचे आपण काय करणार ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका असली, की वीस बाजूंचा फासा टाकायचा. एवढंच. नियमांच्या मुख्य पुस्तकाला तीनशेच्या वर पानं आहेत ती या 'एवढंच'साठी.

आकडा म्हणजे खेळाडूंचा आकडा. पंगत मोजताना वाढप्याला धरत नाहीत, तसं इथे डीएमला धरायचं नाही. तो सगळ्यांच्या शेवटी जेवतो आणि तेव्हा भजी संपलेली असतात.

आता, 'किती जण असावेत' या प्रश्नाने नवशिक्याने खचून जाऊ नये. ज्यांनी हा खेळ काढला त्यांनाही तो झेपला नव्हता. १९६९ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने नेपोलियनच्या काळातली एक लढाई टेबलावर मांडली. लढाई ब्राउनश्टाइन या काल्पनिक जर्मन गावापाशी होती. दोन सैन्यं, त्यांचे सेनापती, असा त्याचा सरळ हिशोब. प्रत्यक्षात वीसेक माणसं येऊन उभी राहिली. आलेल्या माणसाला 'तुमची गरज नाही' म्हणणं तिकडेही जमत नसावं. वेस्लीने जास्तीच्यांना गावातली कामं वाटून टाकली. कुणाला महापौर केलं, कुणाला विद्यापीठाचा प्रमुख. झालं, लढाई बाजूला राहिली आणि मंडळी गावभर हिंडून कारस्थानं करू लागली. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं. द्वंद्वाचे नियम केलेलेच नव्हते, वेस्लीला ते तिथल्या तिथे बनवावे लागले. खेळ साफ फसला असं वाटून तो घरी गेला, आणि मंडळी पुढचा कधी म्हणून मागे लागली. त्याच कंपूतल्या डेव्ह आर्नेसनने ही कल्पना उचलली, तिच्यात किल्ले, भुयारं आणि राक्षस घातले आणि ब्लॅकमूर नावाचं जग उभं केलं. म्हणजे हा छंदच मुळी न मोजता आलेल्या पाहुण्यांमुळे सुरू झाला. तरीही पाहुणे मोजावेत असं माझं मत आहे. वेस्लीच्या हाताशी गाव होतं, तुमच्याकडे वन बीएचके आहे.

आर्नेसनचा खेळ विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावी राहणाऱ्या गॅरी गायगॅक्सने पाहिला आणि १९७२ साली आपल्या घरी मांडला. पहिल्या रात्री खेळाडू दोनच होते, त्याचा मुलगा आणि मुलगी. मुलांना झोपायला पाठवून बाप पुढचा मजला आखत बसला. दुसऱ्या दिवसापासून मित्र आले, मित्रांनी मित्र आणले, आणि तळघरात कधीकधी वीस-वीस माणसं दाटीवाटीने बसू लागली. शेवटी रॉब कुन्ट्झ या खेळाडूला जोडीचा डीएम करावा लागला. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्सची तीन छोटी पुस्तकं एका खोक्यात घालून निघाली, त्यात खेळाडूंची संख्या छापली आहे: चार ते पन्नास, आणि वीस जणांमागे साधारण एक डीएम.

पन्नास! पन्नास माणसं बसवायची तर आपल्याकडे कार्यालय बघावं लागतं आणि ताट कितीला पडेल ते आधी विचारावं लागतं. अर्थात ते पन्नास एकाच वेळी टेबलावर नसत. एकाच जगात पाळीपाळीने येणारे सगळे मिळून तो आकडा होता. तरी एका बैठकीला दहा-बारा ही नवलाची गोष्ट नव्हती. एवढ्यांनी एकदम तोंड उघडलं तर काय होईल, याचा बंदोबस्त म्हणून 'कॉलर' नावाचं पद असे. सगळ्यांनी आपसांत काय ते ठरवायचं आणि डीएमशी फक्त कॉलरने बोलायचं. आणखी एकाने चौकटीच्या कागदावर नकाशा काढायचा. उरलेल्यांनी काळजी करायची. नव्या मंडळींनी ही पद्धत करून बघायला हरकत नाही, फक्त आपल्यातला एकच माणूस बोलेल आणि बाकीचे गप्प बसतील हे ज्या मराठी घरात शक्य आहे ते घर आधी शोधावं.

पुढे आकडा घसरत गेला. गायगॅक्सचं 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' सहा ते नऊ कॅरॅक्टरांसाठी लिहिलेलं आहे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने चार जण धरले: फायटर, क्लेरिक, रोग, विझर्ड. २००८ साली चौथीने पाच धरले. २०१४ची पाचवी आवृत्ती तीन ते पाच धरून लढायांचा हिशोब मांडते आणि तीनपेक्षा कमी किंवा सहा आणि वर असाल तर हिशोब बदला म्हणते. पन्नासावरून चारावर यायला पंचवीसेक वर्षं लागली. कारण साधं आहे. १९७४च्या फायटरला पाळी आली की फासा टाकायचा, लागला किंवा नाही लागला, पुढचा. तिसऱ्या आवृत्तीतल्या फायटरला कौशल्यं आली, खास डावपेच आले, कुठे उभं राहिलं की किती फायदा याची कोष्टकं आली. पाळी लांबली, तसे टेबलावर मावणारे कमी झाले.

हे पोथीतलं. आता गॉब्लिन.

२०१४च्या स्टार्टर सेटमध्ये 'लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर' नावाची मोहीम आहे. जगभरच्या कित्येक नवशिक्यांनी हिच्यातच पहिलं रक्त सांडलं. चार ते पाच जणांसाठी ती लिहिलेली आहे. सुरुवातीलाच रानातल्या वाटेवर दोन मेलेले घोडे आडवे पडलेले दिसतात, अंगात काळ्या पिसांचे बाण. आजूबाजूच्या झुडपांत चार गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस. प्रत्येकाला सात हिट पॉइंट, म्हणजे तेवढं नुकसान झालं की तो आडवा. प्रत्येकाच्या बाणाने नुकसान होतं सहा बाजूंच्या फाशावर येईल तो आकडा अधिक दोन, म्हणजे तीन ते आठ. पहिल्या लेव्हलच्या विझर्डकडे हिट पॉइंट असतात सात-आठ. ही माहिती घेऊन तीन वेगवेगळ्या टेबलांवर जाऊ या.

पहिल्या टेबलावर खेळाडू दोघेच. फेरी सुरू. चार बाण सुटतात, त्यातले दोन लागतात, सरासरी अकरा पॉइंट गेले, विझर्ड आडवी. आता एकटा फायटर विरुद्ध चौघे. तो शूर आहे, एकाला मारतो, मग तीन बाण येतात. पंधरा मिनिटांत दोघे जमिनीवर आणि डीएम हातात पुस्तक धरून विचारतो, 'मग... परत सुरू करू या का?' दोष गॉब्लिनांचा नाही. एका फेरीत त्यांच्या बाजूने चार गोष्टी घडतात, तुमच्या बाजूने दोन. या खेळात अंगातल्या बळापेक्षा हातातल्या पाळ्या मोलाच्या.

दुसऱ्या टेबलावर आठ. पाळ्यांचा क्रम ठरवायला प्रत्येकाने फासा टाकायचा. एकाचा सोफ्याखाली गेला. तो सापडल्यावर तिथे मागच्या दिवाळीतला रिमोटही सापडला. लढाई सुरू. पहिल्या फायटरने एक गॉब्लिन कापला. रोगने दुसरा टिपला. तिसऱ्याचा नेम चुकला, चौथीच्या मंत्राने तिसरा गॉब्लिन जळाला. पाचवा चुकला. सहाव्याने चौथ्याचं मुंडकं उडवलं. सातवी म्हणाली, 'म्हणजे संपलं?' आठवा इतका वेळ मंत्रांची यादी वाचत होता, आज काय टाकायचं ते त्याचं आत्ता कुठे ठरलं होतं. त्याच्या वाट्याला चार प्रेतं आणि दोन घोडे. गॉब्लिनांना एकही बाण सोडायची संधी मिळाली नाही. आठव्याने घोड्यावर मंत्र टाकून पाहिला, हे त्यातल्या त्यात.

'मग गॉब्लिनही आठ करावेत,' असं इथे प्रत्येक नवशिक्या म्हणतो. करा. खेळाडूची एक पाळी तीन मिनिटं धरा. ही उदार धारणा आहे, कारण 'थांब हां, वाचतो' एवढ्यालाच एक मिनिट जातं. आठ त्रिक चोवीस. वर आठ गॉब्लिनांची सहा मिनिटं. एक फेरी म्हणजे अर्धा तास. नियमाप्रमाणे कथेतली एक फेरी असते सहा सेकंदांची. म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास जातो तेव्हा रानात सहा सेकंद सरतात, आणि या अर्ध्या तासात प्रत्येकाने करायचं काय? बाकरवडीचं पाकीट फोडायचं. मोबाइल बघायचा. मग पाळी आली की मान वर करून या छंदातलं सगळ्यात महागडं वाक्य बोलायचं: 'काय झालं मधे?' हे ऐकलं की डीएम पहिल्या गॉब्लिनपासून कथा सांगतो, ती ऐकताना पुढचाही जागा होतो आणि म्हणतो, 'अरे, मला वाटलं तो मेला.' अशा रीतीने फेरी चाळीस मिनिटांची होते.

तिसऱ्या टेबलावर चौघे. लढाई अर्धा-पाऊण तास चालते, प्रत्येकाला दोन-तीनदा पाळी येते. विझर्ड पडते, क्लेरिक धावते, फायटर मध्ये उभा राहतो, रोग झाडावर चढून एकाचा नेम धरतो आणि चुकतो. एक गॉब्लिन पळून जातो आणि त्याच्या मागे जायचं की नाही यावर वाद होतो. हा वाद म्हणजेच खेळ.

चाराच्या बाजूने आणखी एक साक्ष आहे आणि तिचा गॉब्लिनांशी काही संबंध नाही. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. माणसं मोकळेपणी गप्पा मारत उभी असतात तेव्हा एका संभाषणात किती जण टिकतात ते त्यांनी मोजलं. उत्तर आलं, चारच्या आसपास. पाचवा-सहावा आला की गप्पांचे दोन तुकडे पडतात. याची शहानिशा करायला लंडनला जायची गरज नाही, कोणत्याही साखरपुड्याला जाऊन उभं राहावं. टेबलावर ते असं दिसतं: डीएमने आठवडाभर आरशासमोर तालीम करून ड्रॅगनचा आवाज बसवलेला असतो. ड्रॅगन घोगऱ्या सुरात म्हणतो, 'मर्त्य मानवांनो, तुम्ही माझी निद्रा भंग केलीत,' आणि टेबलाच्या त्या टोकाकडून ऐकू येतं, 'पण फ्लोटिंग रेटला प्रीपेमेंटचा चार्ज लावत नाहीत ना?' दोघंही वाईट खेळाडू नाहीत. ते फक्त पाचवे आणि सहावे आहेत.

बैठक तीन तासांची धरा. निम्मा वेळ डीएमचं बोलणं, नियम शोधणं आणि दार उघडून डिलिव्हरीवाल्याला ओटीपी सांगणं यात जातो. उरली नव्वद मिनिटं. चौघांत वाटली तर प्रत्येकी बावीस-तेवीस. आठ जणांत अकरा. पण प्रत्येक टेबलावर एक जण चाळीस मिनिटं बोलणारा असतोच. (आपल्या टेबलावर असा कुणी नाही असं वाटत असेल, तर तो कोण ते बाकीच्यांना विचारा.) त्याची चाळीस वजा केली तर राहिली पन्नास, ती सात जणांत वाटा. डोंबिवलीहून दादरला उभ्याने यायचं ते सात मिनिटांसाठी.

ऑनलाइन खेळणाऱ्यांनी या हिशोबातून आणखी एक माणूस कमी करावा. खोलीत दोघं एकदम बोलले तरी कान निवडून घेतो, डिस्कॉर्डवर दोघं एकदम बोलले की कुणाचंच कळत नाही. मग दोघंही 'नाही, तू बोल' म्हणतात आणि दोघंही थांबतात. त्यातला एक न्यू जर्सीत असेल तर तिकडे रात्र आणि इकडे सकाळ. इकडचा प्रत्येक जण इडली खात खात मरणाच्या दारात उभा असतो.

इथवर वाचून 'चला, चार' असं ठरवून जो पुस्तक मिटेल तो फसेल. चार बोलावले म्हणजे चार येत नाहीत. दहापैकी आठदा येणारा माणूस आपल्याकडे विश्वासू समजला जातो. असे चार विश्वासू घेतले, तर चारही जण एका शनिवारी हजर असण्याची शक्यता निघते शंभरात एक्केचाळीस. सहा घेतले तर सव्वीस. आठ घेतले तर सतरा, म्हणजे पूर्ण टेबल सहा आठवड्यांतून एकदा. 'सगळे येतील तेव्हाच खेळू' हा नियम ज्यांनी केला त्यांची कॅरॅक्टरं अजून पहिल्याच खानावळीत बसली आहेत.

त्यावर उपाय गणितातच आहे. पाच बोलवायचे आणि तीन आले की सुरू करायचं. मग खेळ होण्याची शक्यता शंभरात चौऱ्याण्णववर जाते. माझ्या लेखी हाच खरा आकडा: बोलवायचे पाच, येतील बहुतेक चार, चालतील तीन. जो आला नाही त्याचं कॅरॅक्टर ताप येऊन तंबूत पडलंय असं जाहीर करावं. त्याला त्या दिवशी बाण लागत नाहीत आणि खजिन्यात वाटाही मिळत नाही.

या गणितात प्रत्येकाची दांडी स्वतंत्र धरलेली आहे, आणि महाराष्ट्रात ती तशी नसते. गौरी-गणपतीत सगळे एकदम जातात. लगीनसराईत सगळे एकदम जातात. रविवार ठेवलात तर मेगाब्लॉकच्या दिवशी ठाण्यापलीकडचे सगळे एकदम जातात. एका घरातले दोघे घेतले असतील तर दांडीपुरतं त्यांना एकच धरावं, कारण चुलतबहिणीचं डोहाळजेवण निघालं की दोघंही बाद. याच्या उलट, त्यांचं आपसांत बिनसलं असेल तर दोघंही येतात आणि फायटर क्लेरिककडून उपचार करून घ्यायला नकार देतो. तेव्हा डीएमने मध्ये पडू नये.

तिघे आले की नवशिका डीएम हिरमुसतो. 'तीन तिघाडा' त्याच्या डोक्यात बसलेलं असतं. तीन हा उत्तम आकडा आहे. कुणाला लपता येत नाही, पाळी पटापट येते, आणि मतभेद झाला तर दोन विरुद्ध एक असा निकाल लागतो. चौघांत दोन-दोन होतात. दार उघडायचं की नाही यावर चार शहाणे लोक पाऊण तास बसलेले असतात: एकाला दाराला कान लावायचाय, एकीला खालच्या फटीतून आरसा सरकवायचाय, एक म्हणतो ही कोठी वाटते, एक म्हणते मग कोठीला बाहेरून कडी कशाला. दारामागे काहीच नाही हे फक्त डीएमला माहीत असतं आणि त्याला ते सांगता येत नाही. तिघांत हा प्रसंग पाच मिनिटांत उरकतो. उणीव एकच, जखमा बऱ्या करणारं बहुधा कुणी नसतं. औषधाच्या दोन-चार बाटल्या वाटेत सापडू द्याव्यात आणि गॉब्लिन तीन करावेत.

तिघांच्या वर जो अर्धा येतो त्याबद्दलही सांगायला हवं. पेशवाईतले शहाणे साडेतीन होते. सखारामबापू, देवाजीपंत आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण, नाना फडणवीस अर्धे, कारण नानांचा तलवारीशी संबंध नव्हता, सगळा कारभार डोक्याने. प्रत्येक टेबलावर असा एक नाना असतो. लढाई सुरू झाली की तो चहा टाकायला आत जातो. लढाई संपली की बाहेर येऊन पकडलेल्या गॉब्लिनशी असा काही तह करतो, की पुढच्या तीन बैठका त्या तहावर चालतात. लढाईचा हिशोब करताना याला धरू नये, कॅम्पेनच्या, म्हणजे बैठकांमागून बैठका चालणाऱ्या कथेच्या, हिशोबात मात्र दोघांइतका धरावा.

दोन खेळाडू घ्यायचे असतील तर वरचा गॉब्लिनांचा इशारा लक्षात ठेवून राक्षस निम्मे करा, किंवा प्रत्येकाच्या हाताखाली एक भाडोत्री गडी द्या. एकच खेळाडू आणि एकच डीएम हा प्रकार नवरा-बायकोत छान रंगतो, मात्र जोडीदाराचं कॅरॅक्टर मारायचं ते जेवणं झाल्यावर. आणि अगदी कुणीच मिळालं नाही तर २०१८ साली आलेला शॉन टॉमकिनचा 'आयर्नस्वॉर्न' एकट्यानेही खेळता येतो. त्यात तारीख जुळवावी लागत नाही. तरीही ती पुढे ढकलणारे लोक मी पाहिले आहेत. डीएम व्हायला कुणीच तयार नसेल तर जेसन मॉर्निंगस्टारचा 'फियास्को' घ्यावा, तीन ते पाच जण, डीएम नाही, एका संध्याकाळीत सगळ्यांचं वाटोळं होऊन खेळ संपतो.

सहा किंवा सातांचा मोह होतो तो यूट्यूबमुळे. २०१५पासून चाललेल्या 'क्रिटिकल रोल' या कार्यक्रमात मॅथ्यू मर्सरने कित्येक वर्षं सात-सात खेळाडू घेऊन तासन्तास खेळवलं आणि कुणी कंटाळलेलं दिसलं नाही. ते सगळे आवाजाचा धंदा करणारे व्यावसायिक नट आहेत. दुसऱ्याचं बोलणं ऐकताना चेहरा कसा ठेवायचा याचे त्यांना पैसे मिळतात. तुमच्याकडचा सहावा खेळाडू दुसऱ्याचं बोलणं ऐकताना क्रिकेटचा स्कोअर बघतो, आणि तो ज्या क्षणी 'अरे यार!' म्हणतो त्या क्षणी बाकीच्यांना वाटतं खेळातल्या पुलाखाली काहीतरी दिसलं.

हॉस्टेलवर किंवा ऑफिसात खरोखरच पंधरा-वीस जण उत्सुक असतील तर त्यांना एका टेबलावर कोंबू नका. बेन रॉबिन्स नावाच्या डीएमने 'वेस्ट मार्चेस' नावाची कॅम्पेन चालवली होती, तिची युक्ती उचला. जग एक, खेळाडूंचा गोतावळा मोठा, पण दर वेळी त्यातल्या चार-पाच जणांनी आपसांत तारीख जुळवायची, कुठे जायचं ते ठरवायचं आणि मग डीएमला कळवायचं. तारीख जुळवण्याचं काम डीएमच्या डोक्यावरून खेळाडूंच्या डोक्यावर जातं. गेल्या पन्नास वर्षांत या छंदात याहून मोठा शोध लागलेला नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

राहिला नकाराचा भाग. पाच भरले की सहाव्याला 'या ना कधीतरी' म्हणावं. मराठी माणसाला त्याचा अर्थ बरोबर कळतो आणि तो येत नाही. अमराठी मित्र असेल तर तो शनिवारी सात वाजता बेल वाजवतो, त्याला स्वच्छ सांगावं.

पण एक प्रसंग असा आहे, की तिथे कुठलंही गणित चालत नाही. बैठक सुरू होणार, पाचही जण चुकून हजर, आणि दारात समोरच्या फ्लॅटमधल्या काकू. मागे त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा. 'अरे, यालाही घे रे तुमच्यात. नुसता मोबाइलवर असतो.' यावर 'हो काकू' याखेरीज उत्तर नाही. मुलगा आत येतो, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतो. आता त्याचं कॅरॅक्टर बनवायला घेतलंत तर तासभर गेलाच, आणि टेबलावर सहा झाले. ते करू नका. त्याला डीएमच्या शेजारी, डीएम आपले कागद ज्याच्याआड लपवतो त्या पडद्यामागे बसवा. हातात चार फासे द्या आणि सांगा, हे चार गॉब्लिन तुझे, सात-सात हिट पॉइंट, कुणावर बाण सोडायचा ते तूच ठरव. काही झालं तरी तुझी पाळी आली की ताई-दादांपैकी कुणाचं ऐकायचं नाही. तो पुस्तक वाचणार नाही, यादी बघणार नाही, वीस सेकंदांत फासा टाकेल. पहिल्या फेरीत चारही बाण तो विझर्डवरच सोडेल. क्लेरिकला आधी सावध करून ठेवा.